टाकी शेवटी बादलीसारखी होते

चि. यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पुण्यातल्या घरी समुद्री प्रवाळांची २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, त्यात झोअँथस, मशरूम आणि एक लेदर कोरल असे मऊ प्रवाळ, दर आठवड्याला २० लिटर पाणी बदलण्याचा नेम, आणि ते खारे पाणी बनवायला मीठ कोणते घ्यावे हा प्रश्न. दुकानदाराने सर्वांत महागडी, ‘प्रवाळांसाठी खास’ असे लिहिलेली बादली पुढे केली आणि ओळखीच्या प्रत्येकाने वेगळेच नाव सांगितले, असे तू कळवले आहेस. मी त्यांत आणखी एका नावाची भर घालत नाही. आधी तुझ्या टाकीला काय लागते ते पाहू.

मिठागरातले मीठ का चालू नये, हा तुझा प्रश्न मला आवडला, कारण त्याच्या उत्तरात बाकीचे बरेच काही येते. आगरात समुद्राचे पाणी आटत जाते तेव्हा सर्व क्षार एकदम खाली बसत नाहीत. प्रथम कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम, आणि पाणी साधारण दहा पट आटल्यावर आपले खायचे मीठ, असा तो क्रम असतो. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम बहुतांशी उरलेल्या कडू पाण्यात राहतात आणि ते पाणी सोडून दिले जाते. म्हणजे मिठागरातून आलेले मीठ समुद्राचे असले, तरी त्यात समुद्र उरलेला नसतो. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असते. टाकीच्या मिठात कारखान्याला सगळे घटक पुन्हा मोजून एकत्र आणावे लागतात, आणि आपण पैसे देतो ते त्या मोजणीचे.

या मोजणीचे लक्ष्य मात्र कोणा कंपनीच्या मालकीचे नाही. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाणी गोळा केले, त्यांपैकी ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केले, आणि खुल्या समुद्रात क्षारता कमीजास्त असली तरी मुख्य घटकांचे परस्परप्रमाण जवळजवळ सगळीकडे सारखेच असते, हे त्यातून पक्के झाले. तेव्हा बादलीवर कोणत्या समुद्राचे चित्र आहे याला काही अर्थ नाही. ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग) क्षारतेच्या पाण्यात कॅल्शियम सुमारे ४१० पीपीएम (दहा लाखांत ४१० भाग), मॅग्नेशियम सुमारे १,२८० पीपीएम आणि अल्कलिनिटी, म्हणजे दगडी सांगाडा बांधायला लागणाऱ्या कार्बोनेटांचे माप, सुमारे ७ डीकेएच (हे तिचे एकक), एवढे तीन आकडे तू लक्षात ठेव.

वेगवेगळ्या मिठांतला खरा फरक या तिसऱ्या आकड्यात असतो. रेड सी कंपनीचेच उदाहरण घे. तिच्या निळ्या बादलीतल्या मिठाची अल्कलिनिटी ८ च्या आसपास येते आणि काळ्या बादलीतल्या ‘कोरल प्रो’ची १२ च्या आसपास. दोन्ही मिठे चांगली आहेत. प्रश्न एवढाच, की १२ चे पाणी तुझ्या ८ च्या टाकीत गेले तर काय होईल. पहिल्या आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलल्यावर टाकी ८.४ वर जाईल आणि ते तुझ्या लक्षातही येणार नाही. पण दर आठवड्याला उरलेल्या फरकाचा दहावा हिस्सा भरून निघत राहतो, आणि सातव्या आठवड्याला टाकी १० च्या थोडी पुढे गेलेली असते. मऊ प्रवाळ दगडी सांगाडा बांधत नाहीत, त्यामुळे ही वाढ खाऊन टाकणारे तुझ्या टाकीत फारसे कोणी नाही. अशा टाकीत बादलीत जे असते तेच काही महिन्यांनी काचेच्या आत असते, आणि म्हणून जे आकडे तुला वर्षभर टाकीत हवे आहेत तेच ताज्या मिश्रणात देणारे मीठ निवडावे. माझ्या मते तुझ्यासाठी ते ७ ते ८.५ डीकेएच देणारे साधे मीठ होय, आणि ते बहुधा स्वस्तही पडेल.

यावर दुकानदार म्हणेल की पुढेमागे दगडी प्रवाळ ठेवायचे झाले तर भारी मीठ लागेलच. (भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, किनाऱ्यावरून काढलेला तुकडा कोणी फुकट दिला तरी घेऊ नकोस.) पण परदेशातल्या दगडी प्रवाळांनी गच्च भरलेल्या टाक्यांचा हिशेबही दुकानदाराच्या बाजूने लागत नाही. अशी टाकी दिवसाला १ डीकेएच सहज खर्च करते, म्हणजे आठवड्याला ७. आणि ४ डीकेएचने चढे असलेले मीठ दहा टक्के पाण्याबरोबर त्यातले जेमतेम ०.४ परत देते. ती तूट रोज वेगळे द्रावण घालूनच भरावी लागते.

चढ्या अल्कलिनिटीच्या मिठाची आणखी एक खोड आहे. ते कालवून हीटरसह दोन दिवस ठेवले की पाणी धूसर होऊ लागते आणि हीटरवर पांढरी खपली धरते. ती खपली म्हणजे तुझ्याच पैशाचे कॅल्शियम आणि कार्बोनेट. मी स्वतः याहून मोठा मूर्खपणा केला आहे. पहिल्या वर्षी मी ड्रममध्ये आधी मीठ ओतले आणि वरून पाणी सोडले. तळाशी झालेल्या दाट द्रावणात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना भेटले, त्यांचा खडू झाला आणि तो पुन्हा विरघळला नाही. कॅल्शियम कमी भरले म्हणून मी कंपनीला तावातावाने पत्र लिहिले. मीठ बिचारे निर्दोष होते. तेव्हा आधी पाणी, त्यात चालू पंप, आणि मग थोडे थोडे मीठ, हा क्रम कधीही उलटा करू नकोस.

मोठी बादली किलोमागे स्वस्त पडते हे खरे, परंतु आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात तो हिशेब फिरतो. मिठातली मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइडे हवेतला ओलावा ओढून घेतात, मिठाचे गठ्ठे होतात, आणि मग तू तराजूवर जे तोलतोस त्यात पाणीही तोलले जाते. चार महिन्यांत संपेल एवढेच घे आणि उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून ठेव. भरण्यापूर्वी सगळे मीठ कोरडेच खालीवर करून घे, कारण वाहतुकीत बारीक आणि जाड दाणे वेगळे होतात, आणि मग वरच्या आणि तळाच्या मिठाचे आकडे जुळत नाहीत.

निवड पक्की करण्यापूर्वी लहान पाकीट आणून १० लिटर पाणी बनव. पाणी आरओ-डीआयचे (गाळून सगळे क्षार काढलेले) आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप, शून्य दाखवणारे असावे. बोअरवेलच्या पाण्यात मूळचीच अल्कलिनिटी असते आणि तिचा दोष मिठावर येतो. लिटरला ३६ ते ३९ ग्रॅमच्या दरम्यान मीठ लागेल, परंतु वजनावर विसंबू नकोस. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे क्षारता मोजण्याचे उपकरण, नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणून भागत नाही. तो ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रावणावरही तपासून घे. पाणी नेमके ३५ वर आले की दिवसभर फिरू दे आणि मग कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कलिनिटी या तिन्ही चाचण्या कर. पाकिटावरचे आकडे पुष्कळदा ३३ पीपीटीसाठी छापलेले असतात. तिथली ८ ची अल्कलिनिटी ३५ पीपीटीवर साधारण ८.५ होते.

चाचण्या झाल्या की त्याच दिवशीचे टाकीच्या पाण्याचे आकडेही शेजारी लिहून मला पाठव. दोन्हींत अल्कलिनिटीचा फरक १ च्या आत असेल तर पावसाळ्यापूर्वी तेच मीठ घेऊन टाक. फरक जास्त निघाला तर दुसरे पाकीट आण, पहिले दुकानदाराला परत देण्याच्या भानगडीत पडू नकोस. उरलेले मीठ माझ्या जुन्या टाकीला चालेल.

तुझा,
काका