वाचकांचे प्रश्न : जुन्या विज्ञानकथा मासिकांविषयी

प्रश्न : १९३० च्या दशकातल्या अमेरिकी विज्ञानकथा मासिकांची पाने हात लावताच तुटतात. टेप लावावी की लॅमिनेशन करावे?

उत्तर : दोन्ही नको. टेपचा चिकट थर कागदात मुरून तपकिरी डाग पडतात आणि लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही. हा कागद दळलेल्या लाकडाच्या लगद्याचा. त्यात लिग्निन हे लाकडातले द्रव्य तसेच राहते, आणि शाई पसरू नये म्हणून वापरलेल्या राळ-तुरटीमुळे आम्लही असते. ठिसूळपणा आतूनच वाढतो. आपल्या हाती फक्त त्याचा वेग कमी करणे आहे. अंक पॉलिएस्टरच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून, अंधारात ठेवा. पीव्हीसीची पिशवी वापरू नका. तापमान २० अंशांच्या आसपास, आर्द्रता ३० ते ५० टक्के असावी.

खरे नुकसान वाचताना होते. पिना बहुधा कण्यालगत सगळ्या पानांतून आरपार टोचलेल्या असतात. अंक सपाट उघडला की पान पिनांच्या रेषेवर दुमडते आणि तिथेच तुटते. त्यामुळे ९० अंशांपेक्षा जास्त उघडू नका. स्कॅनरच्या काचेवर पालथा दाबूही नका. व्ही आकाराच्या आधारावर ठेवून कॅमेऱ्याने टिपा.

प्रश्न : वाचकांच्या पत्रांखाली पूर्ण पत्ते का छापत?

उत्तर : आमच्या मते अंकातला सर्वांत मोलाचा भाग हाच. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केले, आणि पुढच्याच वर्षी त्यात पत्रांचे सदर आले. पत्ते हाती आल्यावर वाचक संपादकाला वगळून एकमेकांनाच लिहू लागले. त्यातून मंडळे झाली. १९३० मध्ये सायन्स करस्पॉन्डन्स क्लबने ‘द कॉमेट’ काढले. ते पहिले फॅनझिन, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेले नियतकालिक, मानतात, जरी हा शब्द १९४० मध्ये घडवला गेला. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथांचे पहिले जागतिक संमेलन भरले, सुमारे २०० जण आले. तेव्हा अंक विकत घेताना मुखपृष्ठावर भुलू नका. शेवटची पत्रांची पाने शाबूत आहेत का ते आधी मोजा.

प्रश्न : काही फॅनझिनची छपाई जांभळी आणि फिकट का दिसते?

उत्तर : ती हेक्टोग्राफची, म्हणजे हाताने प्रती काढण्याच्या एका पद्धतीची. जिलेटिन-ग्लिसरीनच्या थाळीवर अ‍ॅनिलिन शाईची मूळ प्रत काही मिनिटे पालथी ठेवायची, मग कोरे कागद एकेक दाबून उचलायचे. साधारण ५० प्रतींनंतर शाई संपते, म्हणून शेवटच्या प्रती मुळातच पुसट. जिलेटिन गरम हवेत मऊ झाले तर कागदाबरोबर उचलून येते. ही शाई उजेडात भराभर उडते. अशी पाने चौकटीत लावून भिंतीवर टांगू नका.