डेव्हिड लेव्ही या बुद्धिबळपटूच्या नावावर धूमकेतू, रोबो आणि मनःशांतीची पुस्तके दिसतात. ही सगळी एकाच माणसाची आहेत का?

नाहीत. निदान तीन माणसे एका नावाखाली कोंबली गेली आहेत. गंमत अशी की जे पुस्तक तुम्ही सर्वांत आधी "हे काही याचे नसणार" म्हणून बाजूला काढले, ते रोबोंशी प्रेम करण्याचे, ते मात्र नक्की त्याच बुद्धिबळपटूचे आहे.

तुम्ही लिहिले आहे की 2025च्या नोव्हेंबरात गोव्यात बुद्धिबळाचा विश्वचषक झाला तेव्हापासून मुलीला वेड लागले, फोंड्यात क्लास लावला, आणि तिच्या सरांनी लेव्हीच्या एका जुन्या पुस्तकाचे नाव सांगितले. नेटवर शोधले तर एकाच लेखकाच्या पानावर सिसिलियन बचाव (बुद्धिबळाचा डाव सुरू करण्याची एक पद्धत), प्लूटोचा शोध, फोनच्या गदारोळात मन कसे जागेवर ठेवावे आणि रोबोंशी प्रणय अशी मिसळ निघाली. मी इथे गोव्यातच ग्रंथालयात सूचीचे काम करते, म्हणजे हा घोळ निस्तरणे हाच माझा धंदा. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

बुद्धिबळाचा तो डेव्हिड एन. एल. लेव्ही. जन्म 1945, लंडन. 1968 साली स्कॉटलंडचा विजेता झाला, पुढच्या वर्षी इंटरनॅशनल मास्टर, म्हणजे ग्रँडमास्टरच्या एक पायरी खालची पदवी. ग्रँडमास्टर कधी झाला नाही, म्हणून आजच्या पोरांना त्याचे नाव माहीत नसते. सिसिलियनमधल्या बलिदानांवरचे, म्हणजे पुढच्या फायद्यासाठी मोहरा मुद्दाम मारू देण्यावरचे, त्याचे पुस्तक 1974चे, आणि तुमच्या सरांच्या तोंडी बहुतेक तेच असणार.

आता रोबो. 1968च्या ऑगस्टात एडिंबरोला संगणकवाल्यांचा मेळावा भरला होता. तिथे हा लेव्ही जॉन मॅकार्थीबरोबर एक डाव खेळला आणि जिंकला. मॅकार्थी म्हणजे 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव रूढ करणारा माणूस. तो म्हणाला, मला हरवलेस खरे, पण दहा वर्षांत तुला हरवणारा संगणक तयार होईल. लेव्हीने तिथल्या तिथे पैज लावली. नंतर आणखी काही शास्त्रज्ञ त्या पैजेत उतरले. 1978 साली, मुदत संपता संपता, टोरांटोला सामना झाला. समोर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात तयार झालेला चेस 4.7 हा प्रोग्राम. लेव्हीने तीन डाव जिंकले, एक बरोबरीत सुटला, एक हरला. साडेतीन विरुद्ध दीड. पैज खिशात.

मला यातला जिंकण्याचा प्रकार फार आवडतो. बलिदानांवर आख्खे पुस्तक लिहिणाऱ्या या गृहस्थाने यंत्रापुढे बलिदान वगैरे काही केले नाही. संथ, बंदिस्त डाव खेळायचा, यंत्राला आकडेमोड करायला काही हाती लागू द्यायचे नाही, आणि ते आपणहून घसरेपर्यंत वाट पाहायची. चौथ्या डावात मात्र त्याला खुमखुमी आली. लॅटव्हियन गँबिट ही जोखमीची सुरुवात खेळला आणि हरला. स्पर्धेच्या नियमांनी खेळलेल्या डावात इंटरनॅशनल मास्टर संगणकाकडून हरण्याची ती पहिलीच वेळ. मुलीला वेळ मिळाला तर हे डाव जरूर दाखवा, कोणत्याही मोठ्या डेटाबेसमध्ये मिळतात. पुढे 1989 साली डीप थॉट या यंत्राने त्याला चार-शून्य धुतले, तेव्हा मॅकार्थीचे म्हणणे उशिरा का होईना पण खरे झाले.

या सामन्यांच्या आगेमागे त्याने बुद्धिबळ आणि संगणक या विषयावर लिहिले, त्यातली काही पुस्तके संगणकतज्ज्ञ मॉन्टी न्यूबॉर्नबरोबर. मग तो यंत्राला बोलायला शिकवण्याकडे वळला. 1997चे लोबनर पारितोषिक, म्हणजे माणसासारखा संवाद करणाऱ्या प्रोग्रामला मिळते ते, त्याच्या चमूला मिळाले. यंत्र खेळते, यंत्र बोलते, तर पुढची पायरी काय? 2007 साली त्याने नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात माणूस आणि यंत्र यांच्या जवळिकीवर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेतली आणि त्याच वर्षी ते 'लव्ह अँड सेक्स विथ रोबॉट्स' बाजारात आले. 1968 सालच्या त्या एका डावापासून इथपर्यंत सरळ वाट आहे. फक्त ती पुस्तकांच्या नावांवरून दिसत नाही.

धूमकेतूवाला वेगळा. डेव्हिड एच. लेव्ही, जन्म 1948, माँट्रियल. 1993च्या मार्चमध्ये शूमेकर पतिपत्नींबरोबर त्याने शूमेकर-लेव्ही 9 शोधला आणि 1994च्या जुलैत त्याचे तुकडे गुरूवर आदळले. त्या वेळचे मराठी पेपर ज्यांना आठवत असतील त्यांना सांगायला नको. प्लूटो शोधणाऱ्या क्लाइड टॉम्बॉचे चरित्र याचेच. पण तुमच्या यादीत एखादे शेक्सपिअरच्या काळातल्या साहित्यातील आकाशावरचे पुस्तक दिसले तर तो चौथा लेव्ही समजू नका. तेही याचेच, कारण गृहस्थाचे शिक्षण इंग्रजी साहित्याचे. तिसरा डेव्हिड एम. लेव्ही, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा. कागदपत्रे, पडदा, लक्ष विचलित होणे हे त्याचे विषय. मन जागेवर ठेवण्याचे पुस्तक त्याचे, 2016चे. तोही मुळात संगणकशास्त्रातला, म्हणजे गोंधळात भर.

विषय पाहून माणूस ठरवायचा, हा उपाय लोक पहिला करतात आणि तोच सर्वांत कच्चा. लेव्हीच्या बाबतीत विषय दूरचे वाटले तरी माणूस एक निघाला. उलटा प्रकारही आहे. रॉबर्ट बर्न नावाचा अमेरिकन ग्रँडमास्टर होता, 1972चा अमेरिकेचा विजेता, न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याने कितीतरी वर्षे बुद्धिबळाचे सदर चालवले. आणि दुसरा रॉबर्ट बर्न होता आयोवाचा, बिलियर्ड्स आणि पूलच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध. एक जन्मला 1928 साली, दुसरा 1930 साली. दोघे अमेरिकन, दोघे खेळांवर लिहिणारे.

ग्रंथालयात तर हे दोघे शेजारी बसतात. ड्यूई वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, बुद्धिबळ 794.1 आणि बिलियर्ड्स 794.72, म्हणजे कपाट तेच, कधीकधी फळीही तीच. मडगावच्या एका जुन्या घरातून देणगी म्हणून खोकी आली होती. त्यात या आयोवाच्या बर्नचे बिलियर्ड्सचे पुस्तक होते, पावसाळ्याने पुठ्ठा फुगलेला, आकृत्यांवर कुणीतरी पेन्सिलीने चेंडूच्या वाटा काढलेल्या. घरात टेबल असणार. संगणकावर तयार नोंद उतरवून घेतली तर लेखकाच्या नावापुढे '1928–2013, ग्रँडमास्टर'. म्हणजे जगात कुठेतरी कुणीतरी दोन बर्न एक करून टाकले आणि ती नोंद ग्रंथालयामागून ग्रंथालये उतरवून घेत बसली. पानांवर कुठेही घोडा नाही, उंट नाही, तरी कोणाला शंका आली नाही.

आद्याक्षरांनीही नेहमी निभावत नाही. इमॅन्युएल लास्कर, 1894 ते 1921 असा सत्तावीस वर्षे जगज्जेता. आणि एडवर्ड लास्कर, इंजिनिअर, मास्टर, बुद्धिबळाच्या डावपेचांवरची लोकप्रिय पुस्तके लिहिणारा. सख्खे नाते नाही, पण दोघेही ई. लास्कर! 1924च्या न्यूयॉर्कच्या स्पर्धेत दोघे एकाच तक्त्यात होते. इमॅन्युएल पहिला आला, एडवर्ड अकरा जणांत दहावा. जुन्या पुस्तकांचे विक्रेते नुसते 'ई. लास्कर' लिहितात आणि गिऱ्हाईक जगज्जेत्याचे पुस्तक समजून एडवर्डचे घेऊन जाते. त्यात नुकसान काही नाही म्हणा. नवशिक्याला एडवर्डच जास्त सोपा जातो.

मग ओळखायचे कसे? गोव्यात एकाच वाड्यावर एका नावाचे तिघे असले की म्हातारी माणसे "तूं कोणालो?", म्हणजे तू कोणाचा, असे विचारून मोकळी होतात. सूचीकार तेच करतो, फक्त बापाऐवजी जन्मसाल विचारतो. नाव, मधली अक्षरे, जन्मसाल. पुस्तक हातात असेल तर शीर्षकपान उलटा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ग्रंथालयांसाठीची छापील नोंद बहुतेक परदेशी पुस्तकांत असते, तिथे लेखकाचे पूर्ण नाव आणि पुष्कळदा जन्मसाल मिळते. मुखपृष्ठावर नुसते 'डेव्हिड लेव्ही' असले तरी आत 'डेव्हिड एन. एल.' सापडतो. पुस्तक हातात नसेल तर लेखकाच्या पानावर विसंबू नका, त्या एका पुस्तकाचा प्रकाशक आणि सहलेखक पाहा. न्यूबॉर्न बरोबर असेल तर बुद्धिबळवाला, शूमेकर असेल तर आकाशवाला. शोधताना नाव रोमन लिपीत टाका. देवनागरीत लेव्ही, लेवी, लेव्हि असे तीन-चार प्रकार होतात आणि निम्मे सापडतच नाहीत.

आपल्याकडे वडिलांचे नाव मधे येत असल्यामुळे हा ताप थोडा कमी आहे, पण तेही आता लोक गाळू लागले आहेत. नुसते नाव-आडनाव छापणाऱ्या तरुण लेखकांना मी तोंडावर सांगते की बाबांनो, पन्नास वर्षांनी माझ्यासारखीचे हाल करणार आहात. हसतात.

शेवटी तुमच्या मुलीबद्दल, कारण खरा प्रश्न तोच आहे असे वाटते. ती नुकतीच शिकते आहे, तर सिसिलियनमधल्या बलिदानांचे पुस्तक आत्ता विकत घेऊ नका. ते पोटात जायला आधी पुष्कळ डाव खेळलेले हवेत, शिवाय पन्नास वर्षांपूर्वीची कित्येक विश्लेषणे आजच्या इंजिनांपुढे, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामांपुढे, टिकत नाहीत. तिच्या सरांना विचारा, ते स्वतःची प्रत दाखवतील. तिच्यासाठी 'बॉबी फिशर टीचेस चेस' बरे. 1966चे आहे, अजून मिळते. मुखपृष्ठावर फिशरचे नाव मोठे, पण स्टुअर्ट मार्गुलिस आणि डॉन मोसेनफेल्डर हे दोघे सहलेखक आहेत. प्रश्न सोडवा, पान उलटा, उत्तर पाहा अशी त्याची रचना आणि सगळा भर मात देण्यावर. लहान मुले ते स्वतःच्या स्वतः सोडवत पुढे जातात, आईबापांना पटाशेजारी बसून राहावे लागत नाही.

आणि लेव्हीचे काही घ्यायचेच असेल तर संगणकांवरचे त्याचे एखादे जुने पुस्तक तुम्ही स्वतःसाठी घ्या. आधी पणजीला पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत विचारून पाहा. काउंटरवर नुसते 'लेव्ही' म्हणू नका, 'एन. एल.' म्हणा. नाहीतर धूमकेतू घेऊन घरी याल.