पस्तीस, सदतीस आणि नारळाचा भाव

"मॅडम, घरी विचारलं की सगळं येतं, पेपरात मात्र भोपळा. सायन्स सोडून कॉमर्सला घालू का?" अकरावीच्या पहिल्या चाचणीनंतर डिचोली, साखळीकडच्या पालकांचा हा प्रश्न ठरलेला. यावेळच्या आईला मी बाहेर बसवलं आणि मुलाकडे पेपरच मागितला. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) मी काही केमिस्ट्रीची शिक्षिका नव्हे, पण चूक नेमकी कुठे झाली ते पाहिल्याशिवाय आत्मविश्वासावर प्रवचन देणं मला पटत नाही.

प्रश्न क्लोरीनच्या सरासरी अणुवस्तुमानाचा. समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) दोन, ३५ आणि ३७. याने बेरीज करून दोनने भागलं होतं: ३६.

"दोननेच का भागलंस रे?"

"ब्रोमीनला बरोबर आलेलं."

वहीत खरंच तसं होतं. ब्रोमीनचे ७९ आणि ८१ निसर्गात जवळपास निम्मे-निम्मे. पुस्तकात ७९.९०, याचं ८०. बरोबरची खूण मिळाली आणि तीच नडली.

घरी यांचं कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग. म्हटलं, "पाडेलीने १०० नारळ काढले. ७५ गेले ३५ रुपयांनी, २५ मोठे ३७ रुपयांनी. सरासरी भाव?"

"साडेपस्तीस." पेनही उचललं नाही.

"छत्तीस का नाही?"

"मोठे थोडेच ना, मॅडम." आणि बोलता बोलता थांबला. पेपर स्वतःकडे ओढला. क्लोरीन-३५ सुमारे ७५.७६ टक्के, क्लोरीन-३७ सुमारे २४.२४. ३४.९६९ आणि ३६.९६६ ही नेमकी वस्तुमानं आपापल्या टक्केवारीने गुणून बेरीज केली: ३५.४५.

मग हळूच म्हणाला, "पण ३५.४५ वस्तुमानाचा अणू असतो?"

नसतो. एकही नाही. साडेपस्तीसला तरी कुठे एखादा नारळ विकला गेला होता? अणूचा हाच प्रश्न त्याने वर्गात विचारला होता. पोरं हसली, आणि तेव्हापासून याचा हात वर गेलेला नाही. भोपळ्याचं मूळ मला तिथे दिसलं.

आईला सांगितलं, कॉमर्स आवडत असेल तर जरूर घाला, पण पळवाट म्हणून नको. अशी, कोण किती ते धरून काढलेली भारित सरासरी तिथेही भेटेल. तोवर हा भिंतीवरच्या आवर्तसारणीपाशी उभा. "बोरॉन १०.८१. म्हणजे १० वाले कमी, ११ वालेच चारपट."