वाचक विचारतात : डोंगरातलं घर, पावसाआधी आणि पावसानंतर

*महाबळेश्वरच्या खाली आमचं कौलारू घर आहे. जून ते सप्टेंबर बंद असतं. दिवाळीला उघडावं तर गाद्यांना वास, कपाटात पांढरी बुरशी, चामड्याच्या चपलांवर हिरवा थर. दर वर्षी सगळं प्लास्टिकने झाकून जातो, तरीही हेच. काय चुकतं? (पुणे)*

प्लास्टिकच चुकतं. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच. ढग घरातूनच जातो म्हणा ना. बुरशीला हवेत साधारण सत्तर टक्के आर्द्रता आणि खायला कापूस, चामडं, प्लायवूड एवढं पुरतं. गादीत आधीच मुरलेला दमटपणा प्लास्टिकखाली अडकतो. रात्री गारठा वाढला की आतल्या बाजूला पाणी धरतं.

नियम एकच : वस्तू एकतर पूर्ण हवाबंद ठेवा, आतली हवा सुकवून, नाहीतर पूर्ण उघडी. अर्धवट झाकलेलं सगळ्यात आधी खराब होतं.

गाद्या मेच्या उन्हात दोन दिवस, दोन्ही बाजूंनी तापवा. पूर्ण निवू द्या, मगच घरात घ्या. जुन्या सुती चादरीत गुंडाळून खाटेवर लांब कडेवर उभ्या करा, भिंतीपासून वीतभर लांब. कपाटं बाहेरच्या भिंतीला चिकटलेली असतील तर चार इंच पुढे ओढा, दारं सताड उघडी, खण बाहेर काढलेले. पश्चिमेची भिंत सगळ्यात ओली आणि गार, तिथे काहीच टेकवू नका. चांगल्या चादरी आणि लोकरीचे कपडे कोरडे करून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवा, सोबत पाव किलो सिलिका जेल. कॅल्शियम क्लोराईड जास्त ओल शोषतं खरं, पण ते स्वतःच विरघळून पाणी होतं. सांडलं तर पेटी गंजते. वाडग्यात भरून खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं तर त्याचा उपयोग शून्य. अख्ख्या खोलीची हवा ते सुकवणार कसं?

आता खोलीचं. पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या खिडक्या बंद करून बाहेरून गवताच्या किंवा बांबूच्या तट्ट्यांच्या झड्या लावा; भिंत आणि झडीत चार बोटं जागा ठेवा. पूर्वेकडचे झरोके मात्र उघडे, एक खाली आणि एक वर, बारीक जाळी लावून. बाहेरची हवाही ओलीच, मग मिळतं काय? वारा भिंत सुकवत नाही, पण जोत्यातून चढणारी ओल एका जागी साचू देत नाही. श्रावणात ऊन पडलं की राखणदाराने दोन तास सगळं उघडलं तर सोन्याहून पिवळं. कपाटात बल्ब पेटता ठेवायची जुनी युक्ती करू नका. घर रिकामं असताना कापडाजवळ तापणारा दिवा म्हणजे आगीला आमंत्रण.

आतून ॲक्रिलिक रंग असेल तर ओल त्याच्या मागे अडकून पोपडे येतात. सामानाच्या खोलीला तरी चुन्याची सफेदी द्या. आलेली बुरशी कोरड्या ब्रशने झटकू नका, बीजाणू घरभर उडतात. नाकाला मास्क लावून, चार लिटर पाण्यात पाव लिटर द्रवरूप ब्लीच घालून भिंत पुसा. लाकूड साबणाच्या पाण्याने पुसून उन्हात. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो.

पाचगणी तिथून जेमतेम वीस किलोमीटर, पण पाऊस निम्म्याहूनही कमी. तिथे शेजाऱ्याने केलं नाही म्हणून तुम्हीही करायचं नाही, असं होत नाही.

*चार महिन्यांनी टाकी आणि विहिरीचं पाणी वापरण्याआधी किती पावडर घालावी? दुकानदार म्हणतो, ‘मूठभर टाका.’ (सातारा)*

मूठभराने काम चालत नाही. हजार लिटरची टाकी आधी रिकामी करून आतून घासा, मग भरा. ३३ टक्के क्लोरीनची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, १५० ग्रॅम बादलीत कालवून पंधरा मिनिटं निवळू द्या. वरचं स्वच्छ पाणी टाकीत ओता, चोथा टाकून द्या. घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, बंद करा, रात्रभर ठेवा. सकाळी सगळं काढून टाका, पण ते झाडांना किंवा सेप्टिक टँकमध्ये नको. सेप्टिक टँकमधले उपयोगी जिवाणू मरतात.

रोजच्या पाण्यासाठी प्रमाण अगदी लहान : हजार लिटरला अडीच ग्रॅम, आणि वापरायच्या आधी अर्धा तास थांबायचं. विहिरीचं पाणी मोजायला व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग ७८५ ने. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर अठ्ठावीस हजार लिटर, म्हणजे सुमारे सत्तर ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळावरच खर्च होतो, तेव्हा आधी निवळू द्या. गेल्या वर्षीचं फोडलेलं पाकीट फेकून द्या, त्यात जोर उरलेला नसतो.

पंप चालू करून पाणी चढत नसेल तर लगेच मोटार बदलायला निघू नका. बहुतेक वेळा फूट व्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाइपच्या तळाची झडप) गळून पंपातलं पाणी उतरलेलं असतं. कोरडा पंप चालवत राहिलात तर सील जळतं. बंद करून पाण्याने पूर्ण भरा, मग चालवा.

*इन्व्हर्टरची बॅटरी दर दोन वर्षांनी मरते. (ठाणे)*

ती अर्धी चार्ज राहून मरते. पावसाळ्यात वीज दिवसदिवस जाते, इन्व्हर्टर स्वतःसाठीच थोडी वीज खात राहतो. बॅटरी खाली उतरून तशीच पडली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ते पुन्हा निघत नाही. घर बंद करताना बॅटरी पूर्ण चार्ज करा, डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरा, इन्व्हर्टर बंद करून ऋण टर्मिनल आधी सोडवा. टर्मिनलांना पेट्रोलियम जेली. दीड महिन्याने राखणदाराने दिवसभर चार्जवर लावावी. बारा व्होल्टची बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या आसपास हवी, १२.४ च्या खाली दिसली तर वाट पाहू नका. मेन स्विचही बंद ठेवा, वळवाच्या आणि परतीच्या विजा कमी त्रास देत नाहीत. परत आल्यावर ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत राहिला तर सगळे एमसीबी, म्हणजे घराच्या एकेका भागाचे स्विच, खाली करून एकेक वर करा. दोषी बहुधा बागेतला दिवा, नाहीतर गिझर.

*डिसेंबरात थंडी फार पडते. खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर? (नाशिक)*

नको. झोपायच्या खोलीत तर नाहीच. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. बाथरूममधला गॅस गिझरही तितकाच धोक्याचा. तो बाहेरच्या भिंतीवर बसवा. गरम पाण्याची पिशवी आणि दोन रजया पुरतात.

*साप येऊ नयेत म्हणून घराभोवती कार्बोलिक ॲसिड शिंपडतो. बरोबर ना? (कोल्हापूर)*

त्याने साप थांबत नाहीत, मुलांचे आणि कुत्र्यांचे पाय मात्र भाजतात. साप उंदरांमागे येतो. धान्य आणि बिस्किटं पत्र्याच्या डब्यात ठेवा. अर्धा सेंटिमीटरहून मोठी भोकं स्टीलच्या काथ्याने ठासून वर सिमेंट करा. पाइप भिंतीतून जातो तिथे खास पाहा. जोत्यापासून दोन मीटर गवत काढा, लाकडाची रास घराला लावू नका. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावा कित्येकदा दुखतही नाही. म्हणून खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचून. चावलं तर दोरी बांधणं, कापणं काही नको. तो भाग हलू न देता १०८ ला फोन आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय.

*घर तीन भावंडांचं. येतो सगळे, पण काम एकच जण करतो आणि पैशांवरून कुरबुर होते. (मुंबई)*

खर्चाचे दोन भाग करा. घरपट्टी, राखणदाराचा पगार आणि मेमधली कौलांची शाकारणी हे वाट्याप्रमाणे, कोणी एक रात्र राहो वा तीस. वीज, गॅस, टँकर हे मुक्कामाच्या रात्रींप्रमाणे. त्यासाठी येताना आणि जाताना मीटरचा आकडा वहीत लिहायचा, शिलकीत किती सिलिंडर ते खाली. राखणदाराचा पगार पावसाळ्यातही पूर्ण द्या, कारण खरं काम तेव्हाच असतं.

दिवाळी, नाताळ आणि मेची सुट्टी दर वर्षी फिरती ठेवा, बाकीचे शनिवार-रविवार जो आधी कळवेल त्याचे. मात्र मेचा शेवटचा शनिवार-रविवार कोणाच्याच वाट्याचा नसावा : तो घर बंद करायचा, तिघांनीही यायचं. ज्याला जमणार नाही त्याने दोन गड्यांची मजुरी भरायची, आणि ती आकारणी जानेवारीतच ठरवून ठेवायची, मेमध्ये नव्हे.