आधी डबी भरा, मग गोळी द्या

तुमचं लिहिलेलं वाचलं आणि दोन वर्षांपूर्वीची आमची गॅलरी डोळ्यांपुढे उभी राहिली. तुमचं विजयनगरचं घर, तुमचा चार वर्षांचा बीगल कुत्रा, त्याला दर तीन आठवड्यांनी पातळ शी, त्यात चिकट आव, कधी एखादी लाल रेघ. दर वेळी ‘बॅक्टेरियल इन्फेक्शन’ म्हणून मेट्रोनिडाझोल. दोन दिवसांत कुत्रा खडखडीत बरा, आणि कोर्स संपून पंधरा-वीस दिवस झाले की परत तेच. आता चौथी खेप आहे आणि तुम्ही विचारताय, याहून स्ट्राँग अँटिबायोटिक कुठलं?

स्ट्राँग औषधाच्या मागे लागू नका, असं मी कळकळीने सांगेन. आधी शी तपासून घ्या. आणि तीही गोळीचा पहिला तुकडा पोटात जायच्या आधी.

मी डॉक्टर नाही. बँकेत नोकरी केलेली, घरात दोन कुत्री वाढवलेली बाई आहे. खाली लिहिलेलं आमच्या घरात घडलेलं आणि नंतर पशुवैद्यांकडून समजून घेतलेलं आहे, तुमच्या बीगलला तेच असेल असं नाही. पाणी, ओआरएस, लसी, जंताचं औषध हे तुम्ही करतच असाल, त्यात शिरत नाही. मात्र उलट्या सुरू असतील, पाणी टिकत नसेल, शी डांबरासारखी काळी असेल, रक्त जास्त पडत असेल, हिरड्या पांढऱ्या दिसत असतील किंवा पिल्लू असेल, तर माझं उत्तर वाचत बसू नका. त्याच तासाला दवाखाना गाठा. पिल्लात पार्वो हा विषाणूचा आजार असला तर एक रात्र थांबणंही महागात पडतं.

आम्ही इंदूरच्या राजेंद्रनगरला राहतो. बंड्या आमचा लॅब्रॅडोर, तेव्हा ३१ किलोचा. चिमी गावठी, गल्लीतूनच उचलून आणलेली. त्रास बंड्याला. चिमी ठणठणीत, केस चमकदार, फार तर महिन्यातून एखाद दिवस मऊ शी, तीही आम्ही मनावर घेतली नाही. बंड्याचं हे प्रकरण चौदा महिने चाललं. त्यातले अकरा महिने शीच्या नमुन्याच्या एका डबीमुळे गेले.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी स्टूल कल्चर, म्हणजे शीतले जिवाणू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी, करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. बंड्या रात्रभर दाराशी कुंथत उभा होता, माझ्याने बघवेना. घरात मागच्या कोर्सची अर्धी पट्टी होती. मी रात्री एक गोळी दिली, सकाळी एक, परत रात्री एक. आणि शनिवारी संध्याकाळी, चौथ्या गोळीनंतर, डबी भरून जवळच्या कलेक्शन सेंटरला नेऊन दिली. ते मुळात माणसांचे नमुने घेणारे, ओळखीने कुत्र्याचाही घेतला. काउंटरवरच्या मुलाने डबी ट्रेमध्ये ठेवली. ना बर्फ, ना वाटेत जिवाणू जिवंत ठेवणारं माध्यम, ना एक प्रश्न. सोमवारी फोन केला तेव्हा कळलं की डबी दुपारी लॅबला रवाना झाली. आठ दिवसांनी कागद आला: रोगकारक जिवाणू वाढले नाहीत.

मी तो कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून जपून ठेवला. हीच माझी सर्वांत मोठी चूक.

त्या कागदाला किंमत का नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. चार गोळ्या पोटात गेल्यावर जे जिवाणू शोधायचे तेच दबलेले असू शकतात. त्यातून जुलाब करणारा कॅम्पायलोबॅक्टर हा तर फार नाजूक जिवाणू. त्याला ऑक्सिजन कमी लागतो, उघड्या हवेत आणि उन्हाळ्यात दीड दिवस साध्या डबीत पडून राहिला तर तो मरतो. म्हणून नमुना लवकर पोहोचवायचा, नाहीतर कॅरी-ब्लेअरसारख्या वाहक माध्यमात पाठवायचा. तिसरी गोष्ट तर कुणीच सांगितली नाही. जुलाबाचं आणखी एक कारण असलेला जिआर्डिया हा जिवाणूच नाही, तो एकपेशीय परजीवी आहे. तो कल्चरच्या प्लेटवर उगवणारच नाही, त्याला मायक्रोस्कोप लागतो किंवा अँटिजेन टेस्ट. शिवाय त्याची सिस्ट, म्हणजे कवचातलं रूप, रोजच्या रोज शीत पडत नाही. आज नाही, उद्या आहे, परवा पुन्हा नाही. म्हणून तीन ते पाच दिवसांत तीन नमुने बघायचे असतात. आमच्या फॉर्मवर फक्त कल्चरवर खूण होती.

याची उलट बाजूही लक्षात ठेवा. कल्चरमध्ये काही वाढलं म्हणजे चोर सापडला, असंही नसतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स आणि ई. कोलाय हे जिवाणू निरोगी कुत्र्यांच्या आतड्यातही असतात, कॅम्पायलोबॅक्टरसुद्धा काही धडधाकट कुत्र्यांत सापडतो. त्यामुळे ‘वाढला’ हा शब्द वाचून लगेच अँटिबायोटिक सुरू करू नका, रिपोर्ट पशुवैद्यालाच वाचू द्या.

त्या एका कागदाने पुढचे सगळे दरवाजे बंद केले. नव्या डॉक्टरकडे गेलं की मी अभिमानाने फाइल उघडायची, ते बघायचे, कल्चर निगेटिव्ह, मग ‘पोट सेन्सिटिव्ह आहे’ किंवा ‘स्ट्रेस आहे’. चार कंपन्यांचं खाणं बदललं. एकूण नऊ कोर्स झाले. एकदा तर मेडिकलवाल्याने माणसांची ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी दिली आणि मी तीही दिली. ते तुम्ही अजिबात करू नका. ऑफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं अजून वाढ चालू असलेल्या कुत्र्यांच्या सांध्यांच्या कूर्चेला घातक ठरू शकतात. बंड्या ३१ किलोवरून २६ वर आला, बरगड्या मोजता येत होत्या.

त्या सेंटरवर माझा अजून राग आहे आणि तो मी लपवत नाही. नंतर मी तीनदा विचारायला गेले की डबी शनिवारी संध्याकाळपासून सोमवारपर्यंत कुठे होती. उत्तर एकच, ‘जो नमुना आला त्याप्रमाणे रिपोर्ट बरोबर आहे.’ लेखी तक्रार दिली, त्याचं उत्तर नाही. मला पैसे परत नको होते. त्यांच्या फॉर्मवर ‘सध्या औषध चालू आहे का? कधीपासून?’ एवढा एक रकाना असता, आणि त्या मुलाला तो विचारायची सवय असती, तरी मी घरी परत गेले असते आणि पुढच्या खेपेला नीट डबी घेऊन आले असते. एक ओळ हो! एका ओळीपायी मुकं जनावर अकरा महिने कुंथत राहिलं.

शेवटी भाच्याने हट्टाने महूला नेलं, पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात. इंदूरहून गाडीने तासाभराचा रस्ता. तिथल्या मॅडमनी फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, ‘सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत हा काय काय खातो-पितो, घड्याळाप्रमाणे सांगा.’ सांगता सांगता पातेल्याची गोष्ट निघाली.

आमचं घर शाकाहारी. कुत्र्यांसाठी चिकन-भात शिजतो तो गॅलरीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात. सासूबाईंची एकच अट होती की ते फ्रिजमध्ये जाणार नाही. अट मोडायचं माझ्या मनातही कधी आलं नाही. म्हणून सकाळी सातला शिजलेलं पातेलं झाकून गॅलरीतच, दुपारी अर्धं, रात्री आठला उरलेलं. मे महिन्यात सुद्धा. मॅडमनी समजावलं की क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली झोपलेली रूपं, उकळूनही मरत नाहीत. पातेलं सावकाश निवत असताना ते जागे होतात आणि ४३ ते ४५ अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने वाढतात. माणसांच्या पंगतींमध्ये मोठ्या भांड्यातलं मांस निवत ठेवल्यावर जी विषबाधा होते, त्यातली पुष्कळशी याचीच असते. इंदूरची मे महिन्यातली गॅलरी आणि जाड बुडाचं पातेलं, याहून सोयीची जागा त्यांना कुठे मिळणार?

दुसरं म्हणजे त्यांनी गोळ्या न देता दोन्ही कुत्र्यांचे तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने मागितले. दोन्ही कुत्र्यांचे! बंड्याच्या तिन्ही डब्यांत काही नाही. चिमीच्या तिसऱ्या डबीत जिआर्डियाच्या सिस्ट. जी कधी आजारीच दिसली नाही, तिच्या.

मग मेट्रोनिडाझोलने दोन दिवसांत आराम का पडायचा तेही उलगडलं. ते औषध जिआर्डियाला थोडंफार दाबतं, पण खात्रीने संपवत नाही. आणि पुष्कळसे साधे जुलाब गोळी दिली नाही तरी तीन-चार दिवसांत आपोआप थांबतात, श्रेय गोळीला जातं. दोघांनाही एकाच वेळी फेनबेंडाझोल हे जंतांवरचं आणि जिआर्डियावरचं औषध दिलं, वजनावर मोजून, डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस. शेवटच्या दिवशी दोघांना आंघोळ, मागचा भाग आणि शेपटीचे केस नीट धुऊन, कारण केसांना चिकटलेली सिस्ट चाटून परत पोटात जाते. अंथरुणं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. सिस्टला ओल मानवते, सुकलं की ती मरते. नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड, म्हणून कुत्र्यांना हौदातलं पाणी जायचं. नेहमीच्या क्लोरीनला सिस्ट सहज दाद देत नाही, तेव्हापासून त्यांचंही पाणी उकळून.

आणि पातेलं बंद. सासूबाईंशी बोलले, काय होतंय ते नीट सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग त्यांच्यासाठी वेगळा घे ना छोटा फ्रिज.’ चौदा महिने मी त्यांना विचारलंच नव्हतं. आता शिजलं की पसरट डब्यांत काढून, परातीत थंड पाण्यात ठेवून निववते, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. रात्री देताना वाफ येईपर्यंत गरम करून, मग कोमट.

बंड्या बरा झाला तो पातेलं बंद केल्यामुळे की दोघांना दिलेल्या जिआर्डियाच्या औषधामुळे, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण दोन्ही एकाच आठवड्यात केलं. दोन वर्षांत एकदाच पोट बिघडलं, तेही पावसाळ्यात पाताळपाणीच्या धबधब्याकडे ओढ्याचं पाणी प्याला तेव्हा.

अँटिबायोटिकबद्दल माझं मत आता कडक झालं आहे. पटलं नाही तर सोडून द्या. २०२४ साली युरोपातल्या एनोव्हॅट या पशुवैद्यकांच्या गटाने मार्गदर्शक सूचना काढल्या. सौम्य आणि मध्यम स्वरूपाच्या अचानक लागलेल्या जुलाबात अँटिबायोटिक देऊ नये, असं त्यात स्पष्ट आहे. मेट्रोनिडाझोल आतड्यातले उपयोगी जिवाणूही मारतं आणि त्यांची घडी नीट बसायला काही आठवडे लागतात, म्हणजे दर वेळी आपण पुढच्या खेपेसाठी जमीन तयार करून ठेवतो. जास्त मात्रेत किंवा फार दिवस दिलं तर कुत्रं झोकांड्या खातं, मान तिरकी होते. तसं दिसलं तर ताबडतोब डॉक्टरांना कळवा. पण ताप, सुस्ती, रक्तात संसर्ग उतरल्याची लक्षणं असतील तेव्हा हीच औषधं जीव वाचवतात. म्हणून चालू कोर्स माझं वाचून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. आणि माणसांची जुलाब थांबवायची लोपरामाइड गोळी अजिबात नको. कोली जातीच्या कुत्र्यांत ती मेंदूपर्यंत पोहोचून विषासारखी होऊ शकते, आणि संसर्ग असेल तर इतरांतही घाण आतच कोंडते.

सगळं तपासून काही सापडलं नाही, तर वेगळ्या प्रथिनाच्या खाण्याचा पथ्यप्रयोग करायला सांगतात. तो करायचा तर किमान दोन आठवडे, आणि मध्ये एक बिस्किटसुद्धा नाही. आमच्याकडे शेजारच्या काकू पोह्यांतली शेव टाकायच्या, कांद्यासकट. कांदा कुत्र्यांना विषारी आहे, हे त्यांना हात जोडून सांगावं लागलं. तुम्ही आव लिहिली आहे म्हणजे त्रास बहुधा मोठ्या आतड्याचा, त्यात इसबगोलाने बऱ्याच कुत्र्यांना आराम पडतो. आपल्या नीमच-मंदसौरकडचंच पीक ते. बंड्याला एक लहान चमचा भरपूर पाण्यात भिजवून द्यायचे. तुमच्या बीगलची मात्रा विचारून घ्या. कच्चं चिकन, कच्चे पंजे ‘नैसर्गिक’ म्हणून देऊ नका, साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जिवाणू त्यातून येऊ शकतात, आणि मग घरातल्या लहान मुलांनाही. शी उचलल्यावर हात साबणानेच धुवा, सॅनिटायझरने बीजाणू मरत नाहीत.

पुढची खेप आली की असं करा. ताजी शी, जमिनीला न लागलेला भाग, स्वच्छ झाकणाच्या डबीत. वर तारीख, वेळ आणि ‘औषध दिलेलं नाही’ असं लिहा. डबी स्वतः घेऊन जा, शनिवारी संध्याकाळी नाही. लॅबला आधी फोन करून विचारा की डबी कधी निघणार, कशात जाणार, आणि कल्चरबरोबर मायक्रोस्कोपखालीही बघणार ना.

घरात दुसरं कुत्रं किंवा मांजर आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल, तर ते कितीही ठणठणीत दिसत असलं तरी त्याचीही डबी भरा.