नाकातून गळणारे पाणी सीएसएफ आहे का, हे साखरेवरून ठरवू नका

दुचाकीच्या अपघातानंतर आपल्या भावाच्या उजव्या नाकपुडीतून पाण्यासारखा स्राव होतो आहे, घरच्या ग्लुकोमीटरने त्यात साखर दाखवली आणि त्यावरून ते मेंदूभोवतीचे पाणी, म्हणजे सीएसएफ, आहे असे मानावे का, हा आपला प्रश्न आहे. बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले असल्याने थोडे सविस्तर लिहितो. डोक्याला मार लागल्यावर एकाच नाकपुडीतून, विशेषतः पुढे वाकल्यावर, स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर संशय घ्यायलाच हवा; परंतु साखर सापडल्याने तो सिद्ध होत नाही.

सीएसएफमध्ये साखर रक्ताच्या साधारण दोन-तृतीयांश असते हे खरे. मात्र अश्रूंत आणि नाकाच्या स्रावातही थोडी साखर असू शकते, मधुमेहात ती वाढते, स्रावात रक्त मिसळले असेल तर त्यातली साखरही मोजली जाते. उलट जिवाणूंमुळे मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणांचा दाह) झाला असेल तर खऱ्या सीएसएफमधली साखरच घटते. उशीच्या अभ्र्यावर रक्ताभोवती उमटणाऱ्या फिकट कड्यावरही विसंबू नये, कारण रक्तात साधे पाणी मिसळले तरी तसे कडे उमटते.

भरवशाची तपासणी म्हणजे बीटा-२ ट्रान्सफेरिन. ट्रान्सफेरिन हे रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन असून त्याला जोडलेल्या शर्करेच्या साखळ्यांच्या टोकांना सियालिक आम्ल असते. मेंदूतील न्यूरामिनिडेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) हे आम्ल निघून जाते आणि प्रथिनावरचा ऋणभार कमी होतो; हेच बीटा-२ ट्रान्सफेरिन. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे विजेच्या साहाय्याने प्रथिने वेगळी करण्याच्या तपासणीत, ते नेहमीच्या पट्ट्याच्या मागे राहून वेगळा पट्टा दाखवते. अश्रू, लाळ आणि शेंबूड यांत हा पट्टा सहसा दिसत नाही. गळतीच्या निदानासाठी याचा उपयोग १९७९ साली फिनलंडमधील संशोधकांनी मांडला आणि आजही हीच तपासणी प्रमाण मानली जाते. तिलाही अपवाद आहेत: आतल्या कानातल्या व डोळ्याच्या आतल्या द्रवातही हे प्रथिन असते, आणि यकृताचा जुनाट आजार किंवा मद्यपानाची सवय असेल तर रक्तातही तसाच पट्टा दिसू शकतो. म्हणूनच स्रावासोबत रुग्णाच्या रक्ताचा नमुना पाठवण्याचा आग्रह आम्ही धरतो. तो नसेल तर अहवालाचा अर्थ लावणे कठीण होते.

काही ठिकाणी सीएसएफमध्ये भरपूर असणारे बीटा-ट्रेस हे दुसरे प्रथिन नेफेलोमीटरवर (द्रवातून विखुरणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर) मोजतात. त्याचा निकाल लवकर मिळतो, पण मूत्रपिंड निकामी झालेल्यांत आणि मेनिंजायटिसमध्ये तो फसवा ठरू शकतो.

माझ्या मते, यंत्रापेक्षा नमुना कसा घेतला यावर जास्त अवलंबून असते. कापसाचा बोळा किंवा रुमाल पिळून पाठवू नये. रुग्णाला बसवून, मान पुढे झुकवून, थेंब थेट स्वच्छ, निर्जंतुक, कोऱ्या नळीत पडू द्यावेत. साधारण १ मिलिलिटर जमले तर उत्तम, पण कमीत कमी किती लागेल हे प्रयोगशाळेला आधी विचारून घ्यावे. नमुना फ्रिजमध्ये ठेवावा आणि बर्फाच्या पिशवीसह पाठवावा, कारण ही तपासणी मोजक्याच प्रयोगशाळांत होते आणि आपल्याकडे नमुना बऱ्याचदा दुसऱ्या शहरात जातो. गळती अधूनमधून होत असेल तर कोरड्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात नुसता शेंबूडच असतो, त्यामुळे एका नकारार्थी अहवालावर निश्चिंत न होता पाणी गळत असताना पुन्हा तपासावे. होकारार्थी अहवालातूनही छिद्र कुठे आहे ते कळत नाही. त्यासाठी बारीक छेदांचा सीटी स्कॅन आणि गरजेनुसार एमआरआय करावा लागतो, आणि ते कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा न्यूरोसर्जन ठरवतील.

अहवाल येईपर्यंत भावाने नाक शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकावे आणि जड वस्तू उचलू नयेत. ताप, तीव्र डोकेदुखी, ताठर मान किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर अहवालाची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.