स्पेशल स्टील विकणाऱ्या कंपनीत पैसे घालण्याआधी

तुमचा प्रश्न असा की अलॉय आणि टूल स्टीलचा (साचे-हत्यारांच्या पोलादाचा) साठा करून विकणारी एक छोटी लिस्टेड कंपनी आहे, नफा वर्षात दुप्पट झालाय, पीई 7 आहे, म्हणजे शेअरचा भाव वर्षाच्या नफ्याच्या 7 पट, घ्यावी का? बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं मशीन शॉप आहे. अशा डीलरांकडून रोजचा माल घेतो आणि शेअरही ठेवतो, म्हणून सांगतो.

दुप्पट नफ्याने हुरळून जाऊ नका. गोदामात 1000 टन माल पडलाय आणि भाव किलोला 20 रुपयांनी चढला, की हात न हलवता 2 कोटी नफा दिसतो. उतरला की तेच 2 कोटी जातात. मे 2022 मध्ये केंद्राने बऱ्याच पोलादावर 15 टक्के निर्यात शुल्क लावलं, तेव्हा भाव पडले होते. ते शुल्क नोव्हेंबरात उठलं. त्या वर्षाचे आणि आधीच्या वर्षाचे आकडे शेजारी मांडा, प्रत्येक टनामागे किती सुटतात ते काढा. तेजीतला 7 चा पीई मला तरी स्वस्त वाटत नाही.

दुसरं म्हणजे उधारी. आमच्यासारखी गिऱ्हाइकं 90 दिवस सहज लावतात, पोलाद बनवणारी मिल मात्र आगाऊ पैशांवर नाहीतर एलसीवर (बँकेच्या पैसे देण्याच्या हमीपत्रावर) माल देते. मधली पोकळी बँकेच्या व्याजावर. त्यात व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी (सरकारची लघुउद्योग नोंदणी) असली तरी 45 दिवसांत पैसे मिळण्याचं कायद्याचं संरक्षण नाही, ते उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना.

गोदाम मात्र स्वतः बघा. ईएन 8 (साधं कार्बन स्टील) आणि ईएन 19 (अलॉय स्टील) या ग्रेडचे बार डोळ्यांना सारखेच. ओळख राहते ती टोकाच्या रंगावर आणि ठोकलेल्या हीट नंबरवर, म्हणजे माल भट्टीच्या कुठल्या घाण्यातला त्या क्रमांकावर. नीट चालवलेल्या गोदामात बँडसॉ करवतीवर तुकडा कापताना रंगाचं टोक शेवटपर्यंत राखतात. जिथे दोन्ही टोकं कोरी, तिथे सोबतची टीसी (मिलचं चाचणी प्रमाणपत्र) कुठल्या मालाची हे देवच जाणे. चुकीचा ग्रेड हीट ट्रीटमेंटनंतर कळतो, तोवर आमचं मशीनिंग फुकट गेलेलं असतं. कोपऱ्यातले उरलेले तुकडेही मोजा. दोन-तीन वर्षं न हललेला डी2 या टूल स्टीलचा तुकडा पुस्तकात पूर्ण भावाने दिसत असेल, तर तो नफा कागदावरचाच.

सीमेचं एक. जीएसटीआधी कर्नाटकातून कोल्हापूरजवळच्या कागल, शिरोलीला माल गेला की 2 टक्के सीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा केंद्रीय कर) लागायचा आणि त्याचं क्रेडिट मिळायचं नाही, म्हणजे गिऱ्हाइकाला तो आपल्या करातून वजा करता यायचा नाही. जुलै 2017 पासून ती भिंत गेली. गिऱ्हाईक वाढलं हे खरं, पण कोल्हापूरचा डीलरही आता आमच्या बेळगावजवळच्या मच्छेपर्यंत येतो. म्हणून 'या भागात आम्हीच मोठे' या वाक्याला मी फार किंमत देत नाही. कापून, टीसीसकट, दुसऱ्या दिवशी दोन बार पोचवणारा टिकतो, त्याला किलोमागे चार रुपये जास्त द्यायला आम्ही कुरकुरत नाही.

पाच वर्षांत धंद्यातून आलेली रोकड नफ्याच्या निम्मीही नसेल, तर मी हात लावणार नाही. 2021-22 पासून कंपनीने ताळेबंदात येण्यांचा वयवार तक्ता, म्हणजे गिऱ्हाइकांकडची उधारी किती जुनी ते, देणं सक्तीचं आहे. तो आणि साठ्याबद्दलची ताळेबंदातली टीप इथे टाका, मग भावाचं बोलू.